प्रत माहितीस्तव : सर्व शाखा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बोरीकाठ शिक्षण मंडळाचे आधारस्तंभ आदरणीय शिवलिंगप्पा साहेब, मंडळाचे सचिव प्रेमानंद सर, एका साध्या लिपिकेच्या निरोपाला ठाण्यातली कामं बाजूला ठेवून आलेल्या प्रमुख पाहुण्या, पोलीस उपनिरीक्षक हर्षाली मॅडम, आमचे कार्यालय अधीक्षक चन्नबसप्पा अण्णा, माझ्या शेजारच्या खुर्चीत फेटा बांधून बसलेले माझे यजमान श्री. रणधीरराव, आणि ढोकीपासून तुळजापूरपर्यंतच्या शाखांमधून वेळात वेळ काढून नळदुर्गला आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना राजेश्वरीचा नमस्कार.

आत्ताच आम्हा दोघांचा सत्कार झाला. सूत्रसंचालन करताना वृषाली जरा अडखळली. पुरुषाची बदली झाली की ‘सपत्नीक सत्कार’ म्हणायची आपल्याकडं रीत आहे. बाईची झाली की काय म्हणायचं, ते कुणी ठरवूनच ठेवलेलं नाही. शेवटी ती ‘उभयतांचा’ म्हणाली आणि वेळ निभावली. शाल मला मिळाली, फेटा यांना मिळाला, नारळ दोघांत एक. फोटोत आम्ही छान दिसू, असं फोटोवाल्यानं सांगितलंय.

भाषणाला उभं राहिलेला माणूस सहसा म्हणतो, मी तुमचा फार वेळ घेणार नाही. मी घेणार आहे, आधीच सांगते. जेवणात जिलेबी आहे हे मलाही ठाऊक आहे, थंड झाली तरी गोड लागते. पण माझं बोलणं संपलं की मला बाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीत बसायचं आहे, आणि मला त्या गाडीत बसायचं नाही.

हसलात. हसा. निघताना बाईचा पाय जड होतोच, असं तुम्हाला वाटलं असणार. तसंच समजा सध्या.

आस्थापना विभागात मी आले तेव्हा अण्णांनी मला पहिला धडा दिला तो प्रतीचा. पत्र कितीही किरकोळ असो, खाली डाव्या बाजूला ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ लिहून नावं घालायचीच. मी एकदा विचारलं, अण्णा, झाडू विकत घ्यायच्या पत्राची प्रत ढोकी शाखेला कशाला? तर म्हणाले, “पोरी, परत लावल्याबिगर पत्राला वजन येत न्हाय. उद्या कुणी म्हनलं, मला ठाव न्हवतं, तर? आपुन सगळ्यांस्नी कळवायचं अन् मोकळं व्हायचं.” अण्णांच्या हयातीत, देव त्यांना शतायुषी करो, ‘मला कळवलं नाही’ असं म्हणायची सोय कुणालाच राहिली नाही.

कागदाच्या काळात हे खपून गेलं. प्रती काढायच्या म्हणजे कार्बन लागायचा, शिपाई लागायचा, तिकीट लागायचं. नावं लिहिली जायची आणि निम्म्या प्रती कपाटातच राहायच्या. मग संगणक आला, मेल आला. अण्णांनी ‘सर्व शाखा व संबंधित’ नावाचा एक गट करून घेतला. एक कळ दाबली की सगळीकडं एकदम. अण्णा तेव्हा किती हरखले होते, आठवतंय ना तुम्हाला? आम्हाला चहा पाजला होता.

त्या गटाची पहिली प्रसादी मिळाली आपल्या शिवकुमार सरांना. सर, तुमची परवानगी गृहीत धरते. आता लपवायला काही उरलंही नाही. सरांनी मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. अर्ज मंजूर झाला आणि मंजुरीचा मेल डॉक्टरांच्या दाखल्यासकट सर्व शाखांना गेला. पुढच्या महिन्यात सर तुळजापूरच्या बैठकीला गेले, तर त्यांच्या एकट्याच्या खुर्चीवर उशी. तिथल्या मुख्याध्यापकांनी मायेनंच ठेवली होती. सर सबंध बैठकभर उभे राहिले. आपण वर्षभर हसलो, मीही हसले. सर मात्र त्यानंतर बैठकीला जायचेच बंद झाले, हे कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

आता रणधीररावांविषयी दोन शब्द. यांचा उल्लेख केल्याशिवाय माझा निरोप पूर्ण कसा होईल? मंडळाच्या शाळांना गाड्या पुरवण्याचं काम यांच्याकडं आहे. त्यामुळं सुट्टी कधी, शाळा कधी सुटणार, हे यांना कळवावं लागतं. म्हणून यांचाही मेल त्या गटात आहे. ‘संबंधित’ म्हणतात ते हेच. ऑफिसात यांना कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे दाजी म्हणतात. दाजी आले की पेढे येतात, दाजी आले की टेबलं वाजतात. माझ्या सख्ख्या भावानं यांचं केलं नसेल एवढं कौतुक तुम्ही केलंत.

दोन वर्षांमागं माझा हात मोडला होता. तुळजापूरला देवीच्या पायऱ्यांवर पाय घसरला, असं मी सांगितलं. तुम्ही फळं घेऊन आलात. मी प्लास्टरमध्ये कामावर यायला लागले, तेव्हा हे रोज दुपारी डबा घेऊन यायचे आणि माझ्या टेबलाशी बसून स्वतःच्या हातानं मला घास भरवायचे. बायका पदर तोंडाला लावून बघायच्या. एक जण म्हणाली, असा नवरा मिळायला पुण्य लागतं. मी खाली मान घालून खात होते. ज्या हातानं तो हात पिरगाळला, तोच हात घास देत होता, आणि तोंड उघडायचं ते फक्त घासासाठी.

आता कुणी हसलं नाही. बरं झालं.

रणधीरराव, बसा. पाहुण्या बसल्यात, अध्यक्ष बसलेत, आणि सत्कारमूर्तीनं मधेच उठू नये. पाण्याचा ग्लास तिथंच राहू द्या, मला तहान नाही. माइकवाले दादा, तुम्हाला खूण झाली ती मीही पाहिली. माइकचं भाडं कुणी दिलंय ते मला माहीत आहे. तरी तुमच्या घरी आई-बहीण असेल तर हात त्या बटणावरून काढा.

तर मंडळी, माझी बदली. तुम्हाला वाटतं, मंडळानं केली. मंडळानं नाही केली, मी मागितली. सचिव साहेबांना मी एकट्यांना मेल केला होता. विषयात ‘गोपनीय’ लिहिलं होतं. अर्जात लिहिलं होतं की घरी माझ्या जिवाला धोका आहे, हात कसा मोडला ते लिहिलं होतं, मूलबाळ नाही म्हणून काय काय ऐकावं लागतं ते मात्र लिहिलं नव्हतं, त्याला सरकारी भाषेत शब्द सापडला नाही. लांबच्या एखाद्या शाखेत, मुलींच्या वसतिगृहात मला नेमावं, आणि मी कुठं गेले ते कृपा करून कुणालाही कळू देऊ नये, एवढीच विनंती होती. माहेरी जाऊन पाहिलं होतं मी. भाऊ म्हणाला, संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच, आणि संध्याकाळच्या एस.टी.त बसवून दिलं. म्हणून ऑफिसकडं आले. नोकरी हीच काय ती माझी एक जागा होती जिथं मी स्वतःच्या सहीनं काही मागू शकत होते.

प्रेमानंद सर, तुम्ही भले माणूस. तुम्ही तासाभरात मान्य केलंत. प्रवासात होतात, मोबाइलवरूनच माझा मेल अण्णांकडं पुढं ढकललात. वर लिहिलंत, ‘तात्काळ कार्यवाही करावी.’ अण्णांनी तात्काळ केली. त्याच मेलवर आदेश जोडला, आणि सवयीप्रमाणं ‘सर्व शाखा व संबंधित’ अशी प्रत लावली. आदेश वर. माझा अर्ज त्याच्याखाली, जसाच्या तसा. ‘गोपनीय’ या शब्दासकट.

अण्णा परवा वृषालीबरोबर समारंभाचं आमंत्रण द्यायला घरी आले होते. वृषालीनं मला कुंकू लावलं. हे समोर सोफ्यावर बसलेले, चहाचा कप हातात. निघताना अण्णा उंबऱ्यात थांबले, चप्पल घालायच्या निमित्तानं वाकले आणि हळूच म्हणाले, “ताई, म्या खाली काय हाय ते बघितलंच न्हाय बघ.” आयुष्यभर मला पोरी म्हणणारा माणूस त्या दिवशी ताई म्हणाला. अण्णा, मान वर करा. तुमचा मला राग नाही असं मी म्हणणार नाही, राग आहे. पण तुम्ही पाहिलं नव्हतं, हे मी मानते.

माझा खरा प्रश्न बाकीच्यांना आहे. ज्यांनी पाहिलं त्यांना. तो मेल इथल्या प्रत्येकाला आला. त्यावर उत्तरं आली, तीही सगळ्यांना एकदम. अभिनंदन ताई. नवीन जबाबदारीसाठी शुभेच्छा. फुलांचे गुच्छ, जोडलेले हात. निम्म्यांनी खाली वाचलं नसेल, धरून चालू. उरलेल्या निम्म्यांनी वाचलं आणि मग फुलं पाठवली का? त्या दिवशी रात्रीपर्यंत माझा फोन माझ्याजवळच होता, पण एकाही बाईचा, एकाही बुवाचा मला फोन आला नाही. नवरा-बायकोच्या मधे कशाला पडा, असं म्हणाला असाल. जे एका माणसाला कळायला हवं होतं ते गावाला कळलं, आणि गावाला कळूनही एका माणसाचा उपयोग झाला नाही.

यांनी मात्र शेवटपर्यंत वाचलं. त्या रात्री जेवायला बसल्यावर यांनी माझा अर्ज मला वाचून दाखवला. सावकाश, भाजी वाढून घेत. मारलं नाही, हे खरं सांगायला हवं. फोन काढून घेतला. ऑफिसला कळवलं, मॅडम सामान आवरायला रजेवर आहेत. दाराशी गाडीवरचा माणूस बसवला. आणि म्हणाले, “तुझा निरोप लई दणक्यात करू. लोकांनी बघितलं पायजे, रणधीरनं बायकूला कशी पाठवली. गाडी म्याच चालवीन. रस्ता लांबचा हाय, राजे. पोचलीस तर कळव सगळ्यांस्नी.”

हा मंडप, ही जिलेबी, हा माइक, सगळं यांच्याकडून आहे. आताच आदरणीय अध्यक्षांनी आपल्या भाषणात एक आनंदाची बातमी दिली की दांपत्याची ताटातूट होऊ नये म्हणून त्या नव्या शाखेच्या गाड्यांचं कामही मंडळानं रणधीररावांना दिलं आहे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. त्या गावाचं नाव मी घेत नाही. तुम्हा सगळ्यांना ते पाठ आहे. मी पळून जायला जागा मागितली, तर तुम्ही त्या जागेला कडी घातली आणि किल्ली मोठ्या प्रेमानं यांच्या हातात दिली. साहेब, तुम्हालाही तो मेल आला होता. तुमचे मेल तुमचा सहायक वाचतो, हे मला माहीत आहे, तेवढी सूट तुम्हाला देते.

आता मी खरंच घाबरले आहे. यांच्यासमोर मी आजवर दोन वाक्यं सलग बोललेली नाही. हे आत्ता मला म्हणताहेत, आटप. माइकच्या इतक्या जवळून म्हणाले की बहुतेक पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आलं असेल.

आटपते. फक्त पाहुण्यांची ओळख राहिली आहे. ती वृषालीनं करून दिली, पण अर्धवट दिली. आमंत्रण द्यायला आले तेव्हा अण्णांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, ताई, प्रमुख पाहुणे कोण बोलवायचे? तुमची काही इच्छा? हे समोरच होते. मी म्हटलं, आपल्या ठाण्याच्या हर्षाली मॅडम येतील का बघा, त्यांनी आपल्या मुलींपुढं फार छान व्याख्यान दिलं होतं. घरात परकी माणसं बसलेली, कुंकवाचं ताट समोर, नाही कसं म्हणणार? उलट हे म्हणाले, “बोलवा की. आमच्या मंडळींच्या निरोपाला फौजदारीण आली तर शोभाच हाय.” यांच्या होकारानंच मॅडम इथं आल्या आहेत, याबद्दल मी यांची ऋणी आहे.

मॅडम, त्या व्याख्यानात तुम्ही मुलींना सांगितलं होतं की तक्रार कागदावरच द्यावी लागते असं काही नाही. बाई तोंडानं बोलली तरी पोलिसांनी ती लिहून घ्यायची असते. मी मागच्या रांगेत हजेरी घेत उभी होते. मुलींनी ऐकलं की नाही माहीत नाही, मी ऐकलं. तर मी आत्तापर्यंत जे बोलले, त्याला कृपया निरोपाचं भाषण समजू नका. ती माझी तक्रार आहे. हात मोडल्याची, कोंडून ठेवल्याची आणि जिवे मारायच्या धमकीची. गोपनीय म्हणून दिली तेव्हा ती राहिली नाही, म्हणून आज सभागृहासमोर देते. साक्षीदार समोर बसलेत. कुणाला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय निदान आज तरी राहिलेली नाही. अण्णा, तुमची शिकवण कामाला आली.

अण्णा, तुम्ही उठून दाराशी कशाला गेलात? बरं. उभे राहा तिथंच. दाराशी आपला माणूस असला तर मला बरं वाटेल. वृषाली, तूही ये वर, रडू नकोस, माझी पिशवी त्या खुर्चीखाली आहे, ती तेवढी घे. रणधीरराव, माझा हात सोडा. हा तोच हात आहे, आणि आज त्याच्याकडं सगळे बघताहेत.

सोडला. आभारी आहे.

तेव्हा आभाराचंच उरकते. अध्यक्षांचे, सचिवांचे, सर्व शाखांचे मनापासून आभार. मला इथं भाकर मिळाली, माझ्या नावाची पाटी टेबलावर लागली, ते मी विसरणार नाही. शिवकुमार सर, त्या उशीवर मी हसले होते, एवढं मनात ठेवू नका. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, मोठ्यांना लागेल असं काही तोंडून गेलं असेल, तर आपली म्हणून सांभाळून घ्या. आजवर मी तुमच्या पुष्कळ गोष्टी सांभाळून घेतल्या आहेत.

आणि साहेब, एकच मागणं. तो जुना आदेश रद्द करा. मला नवीन कुठं नेमायचं ते तुम्ही एकट्यानं ठरवा आणि मला एकटीला तोंडानं सांगा. कागद काढावाच लागला तर एकच काढा आणि माझ्या हातात द्या. मेल नको. अण्णा, खाली डाव्या बाजूला तुम्ही नावं घालता ना, तिथं या वेळी नुसती रेघ ओढा.

ही शाल मी घेते, नारळ इथंच ठेवते. जिलेबी खाऊन जा सगळे.

मॅडम, तुमची गाडी कुठल्या बाजूला लावलीय?